पार्श्वभूमी: स्टेजमागचं लोखंड आणि त्याचे शौकीन

ऑक्टोबर 2021 मध्ये सदबीज या लिलावगृहात मॅकिन्टॉश या अमेरिकन ऑडिओ कंपनीचा एक जुना एमसी-2300 पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प, पावणेचार लाख डॉलरच्याही वर गेला. त्याच मॉडेलचा चकचकीत, चालू सेट काही हजार डॉलरला मिळतो. पण लिलावातला ॲम्प ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या जेरी गार्सियाचा होता, आणि त्यावरच्या स्टिकरमुळे मंडळी त्याला ‘बडमॅन’ म्हणत. कुणी हौसेने स्टिकर खरवडून पुसून ठेवला असता, तर त्यातले किती डॉलर उरले असते कोण जाणे.

राबवून घ्यायला बनवलेले जुने ॲम्प जमवण्याचा हा छंद आहे, त्यामुळे त्याची सुरुवातही कामाच्या जागेपासूनच होते. बोलपट आले तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी अमेरिकन थिएटरांना आपली ध्वनियंत्रणा विकत नसे, भाड्याने देई. तिचा 1930 च्या दशकातला 91 मालिकेतला ॲम्प जेमतेम 8 वॉटचा. पण पडद्यामागचे हॉर्न स्पीकर इतके कार्यक्षम, की तेवढ्यात लहान थिएटर भरून जाई. 1970 च्या दशकात जपानी शौकिनांनी जुन्या थिएटरांतून हा माल हुडकून उचलला. अमेरिकेला आपल्या भंगाराची किंमत कळेपर्यंत त्यातला बराचसा जपानला पोचलाही होता.

मैदानावर मात्र 8 वॉटचं काय होणार? ऑगस्ट 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सना ऐकायला 55 हजारांवर लोक जमले. व्हॉक्स या ॲम्पच्या कंपनीने खास 100 वॉटचे गिटार ॲम्प दिले होते आणि गाणं स्टेडियमच्या घोषणांच्या भोंग्यांतून वाजत होतं. किंकाळ्यांपुढे दोन्ही हरले. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट साधारण दहापट लागतात, आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पमधून तेवढी ताकद काढायची तर नळ्या आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही तसाच दांडगा लागतो. वजन त्याचं, खर्च त्याचा, आणि खर्जात आवाज बिघडवणाराही बहुतेक तोच.

व्हॉल्व्हच्या जागी चिमुकला ट्रान्झिस्टर आल्यावर हा ट्रान्सफॉर्मर काढून टाकता येणार होता. ते ठसठशीतपणे करून दाखवलं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या क्राउनने. तिचे संस्थापक क्लॅरेन्स मूर आधी इक्वेडोरमधल्या क्विटोच्या मिशनरी रेडिओ केंद्रात इंजिनिअर होते. तिथल्या विरळ हवेत अँटेनाच्या टोकांवर ठिणग्या उडत, म्हणून त्यांनी टोकंच नसलेली चौकोनी अँटेना बनवली. परत येऊन 1947 मध्ये त्यांनी कंपनी काढली ती कोंबड्यांचं खुराडं डागडुजी करून. याच कंपनीने 1967 मध्ये डीसी-300 बाजारात आणला. दोन चॅनल, प्रत्येकी 150 वॉट. नावातलं ‘डीसी’ म्हणजे डायरेक्ट कपल्ड, थेट जोडलेला: शेवटचे ट्रान्झिस्टर आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, कपॅसिटरही नाही. त्यामुळे हा ॲम्प खर्जाच्याही खाली, थेट शून्य हर्ट्झपर्यंत उतरे, आणि प्रयोगशाळांनी तो कंपनाच्या चाचण्यांनाही वापरला.

मधला पहारेकरी काढला, की धोकाही थेट पोचतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सप्लायचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह (हा डीसी वेगळा, डायरेक्ट करंट) सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरतो. वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, कोन एकदम पुढे येऊन तिथेच अडकतो, आणि मग जळक्या वार्निशचा वास. बॉब कार्व्हर यांच्या फेज लिनियर 700 ने पुढे चॅनलला 350 वॉट देऊन ताकदीची शर्यत आणखी पेटवली. जळण्याच्या ख्यातीमुळे त्याला ‘फ्लेम लिनियर’ हे टोपणनावही मिळालं.

मॅकिन्टॉशने ट्रान्झिस्टर घेऊनही आउटपुटला ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर) ठेवलाच. म्हणूनच एमसी-2300 पन्नास किलोंच्या वर भरतो. 1974 मध्ये ग्रेटफुल डेडच्या ‘वॉल ऑफ साउंड’मध्ये असे 48 ॲम्प होते, एकूण 28,800 वॉट. स्पीकरची ती भिंत बँडच्या पाठीशी उभी असे. मग तोच आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी कशी येत नसे? प्रत्येक गायकापुढे उलट फेजमध्ये, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या उलटा येईल असे, जोडलेले दोन माइक होते. गायचं एकात. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरे आणि परस्पर कटून जाई. कल्पना भन्नाट, खर्च मात्र बुडवणारा. त्या वर्षाअखेरीस ती भिंत मोडीत निघाली.

पुढे स्विचिंग सप्लाय आणि क्लास-डी ही ॲम्प हलका करणारी तंत्रं आली, हजारो वॉट काही किलोंत बसू लागले, आणि ही धुडं गोदामांतून स्वस्तात निघाली. आजचा संग्राहक तिथून सुरू झाला.

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळी. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते. नाव परदेशी, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची. मंडपवाल्यांच्या ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर टिकून राहिला, कारण लांब तारांवरच्या कर्ण्यांना 100 व्होल्टची लाइन लागते. मला तरी अहुजा कंपनीचा एखादा जुना ॲम्प क्राउनच्या डीसी-300 इतकाच जपण्याजोगा वाटतो.

अमेरिकेहून फक्त 120 व्होल्टचा सेट आणलात, तर आपला व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये खुपसायचा नसतो. वीज बल्बमधूनच ॲम्पकडे जाईल अशा सिरीज बोर्डावर 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जायचं, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. सुकलेले मोठे कपॅसिटर बदलावेच लागतात, आउटपुट ट्रान्झिस्टर घेताना बनावट मालापासून सावध राहावं लागतं. काढलेले भाग जाणकार फेकत नाहीत. पिशवीत घालून सेटबरोबरच ठेवतात, आणि पुढचं गिऱ्हाईक आधी ती पिशवी मागतं.