लाशीन कालव्याचे उद्यान कसे झाले

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये लाशीन कालव्याच्या काठाने उन्हाळ्यात सायकलस्वारांची रीघ लागते. लोक हिरवळीवर डबे उघडून बसतात, भाड्याच्या होड्या वल्हवतात. पोहायला मात्र बंदी आहे. मोटारबोटींनाही ताशी १० किलोमीटरच्या वर जाता येत नाही, आणि त्याचे एक कारण म्हणजे तळाचा गाळ ढवळला जाऊ नये. हा गाळ तिथे कसा साचला, हे पाहिले की उद्यानाचा बराचसा इतिहास कळतो.

सेंट लॉरेन्स नदी माँट्रियलच्या थोडी वरच्या अंगाला खडकांवरून आदळत-आपटत येते. अटलांटिकवरून आलेले जहाज इथे थांबायचे. माल उतरवायचा, गाड्यांवर लादून खडकाळ पट्ट्याच्या वर असलेल्या लाशीन गावापर्यंत न्यायचा आणि तिथे पुन्हा होड्यांत भरायचा. ही कटकट टाळायला फ्रेंच अमदानीतच, १६८९ मध्ये, दोलिये द कासों या धर्मगुरूने खोदकाम सुरू करवले होते, पण ते तडीला गेले नाही. पुढे व्यापाऱ्यांनी कंपनी काढली. तिलाही पैसा उभा करता आला नाही, तेव्हा सरकारने काम अंगावर घेतले आणि १८२१ ते १८२५ या काळात कालवा झाला. साधारण १४ किलोमीटर लांबी आणि वाटेत सात लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. होडी आत घ्यायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि ती वरच्या वा खालच्या पातळीला न्यायची. १८२५ मध्येच न्यूयॉर्ककडचा इरी कालवाही पूर्ण झाला आणि पश्चिमेकडच्या व्यापाराचा मोठा घास त्याने घेतला. माँट्रियलच्या व्यापाऱ्यांची घाई थोडी उशिराच फळली म्हणायची.

खोदणारे बहुतेक आयरिश मजूर होते. १८४३ मध्ये कालवा रुंद करायचे काम निघाले तेव्हा मजुरी कापल्यावरून त्यांनी संप केला. त्याच वर्षी जवळच्याच बोआर्नुआ कालव्यावर सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. आज काठाने फिरणाऱ्याला लॉकचे घडीव दगड दिसतात, पण ते कोणत्या मजुरीवर रचले गेले हे दगड पाहून कळत नाही.

त्या रुंदीकरणाने कालव्याचे कामच बदलले. जहाजांना लागेल त्याहून जास्त पाणी आता हाताशी होते. लॉकच्या ठिकाणी पातळी एकदम खाली येते, म्हणजे पाणी बाजूने वळवून खाली सोडले की कारखान्याचे पाणचाक फिरते. सरकारने हे पाणी आणि त्यालगतची जमीन कारखानदारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पिठाच्या गिरण्या आल्या, लाकडाच्या वखारी आल्या, खिळ्यांचे कारखाने आले. १८५४ मध्ये सेंट-गॅब्रिएल लॉकपाशी रेडपाथचा साखर कारखाना उभा राहिला. कच्ची साखर दाराशी उतरत होती, मग जागेसाठी आणखी कुठे जायचे? पुढे पाण्याची जागा वाफेने आणि विजेने घेतली, तरी कारखाने हलले नाहीत. त्यांच्या आसऱ्याने पॉइंट-सेंट-चार्ल्स, सेंट-हेन्री, ग्रिफिनटाउन या कामगारवस्त्या दाटत गेल्या. कारखान्यांचे सांडपाणी अर्थातच कालव्यात जात होते. त्या काळी त्याचे कोणाला काही वाटत नव्हते.

१९२९ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली. गंमत अशी, की वाहतूक तेव्हाच ऐन भरात होती. त्या एका वर्षात सुमारे १५,००० जहाजे इथून गेली. खरा घाव बसला १९५९ मध्ये. सेंट लॉरेन्स सीवे हा मोठा जलमार्ग खुला झाला आणि अवजड जहाजांना लाशीनची गरजच उरली नाही. बंदराकडचे तोंड भराव टाकून बुजवले गेले आणि १९७० मध्ये कालवा बंद झाला. मागोमाग कारखानेही एकेक करून मिटले.

मग पडीक पाण्याचे करायचे काय? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काठाने सायकल मार्ग झाला आणि १९७८ मध्ये कालवा पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे आला. म्हणजे उद्यान आधी काठावर आले. पाण्याचा निर्णय मागेच राहिला. कारण तळाच्या गाळात जड धातू होते, पीसीबी ही विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायने होती, तेलकट विषारी द्रव्ये होती. नव्वदच्या दशकात त्यावर रीतसर सुनावण्या झाल्या. गाळ उपसायचा तर खर्च अफाट, शिवाय उपसताना विष पाण्यात पसरण्याचा धोका आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. शेवटी बहुतांश गाळ जागच्या जागी ठेवून भिंती आणि लॉक दुरुस्त करायचे ठरले. २००२ मध्ये कालवा फिरायच्या बोटींसाठी पुन्हा खुला झाला. माझ्या मते हा निर्णय व्यवहारी होता, पण त्याला 'स्वच्छ झालेला कालवा' म्हणणे बरोबर नाही.

काठावरच्या जमिनीचे भाव मात्र चढले. रेडपाथच्या इमारतीत आता सदनिका आहेत, कापड आणि तारेच्या कारखान्यांचेही तेच. गिरणगाव पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. कारखाने बंद झाल्यावर ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्याच वस्त्यांतल्या भाडेकरूंना नंतर वाढत्या भाड्यांशी झुंजावे लागले.

सेंट-हेन्रीत कॅनडा माल्टिंग या माल्ट बनवणाऱ्या कंपनीचे उंच सायलो, म्हणजे धान्याची कोठारे, अजून मोडकळीला आलेले उभे आहेत. त्यांच्या माथ्यावर कोणीतरी गुपचूप एक छोटे गुलाबी घर बांधून ठेवले, खिडकीला पडदे लावून. शहराला त्याचे कौतुक वाटले. खाली रहिवाशांच्या संघटना मात्र या जागेवर परवडणारी घरे व्हावीत म्हणून भांडत आल्या आहेत, आणि विकासकांचा डोळाही त्याच जागेवर आहे.