द्विमितीय व त्रिमितीय आकारांचे बालशिक्षण

द्विमितीय व त्रिमितीय आकारांचे बालशिक्षण : लांबी-रुंदी असलेल्या सपाट आकृती आणि लांबी, रुंदी व उंची असलेले घनाकार यांतील फरक व नाते मुलांना हाताळणीतून, रेखाटनातून आणि शब्दांतून उमगावे, यासाठी बालवाडीपासून प्राथमिक इयत्तांपर्यंत दिले जाणारे शिक्षण. त्रिकोण, चौरस, आयत व वर्तुळ हे द्विमितीय आकार होत. घन, इष्टिकाचिती (विटेसारखा आकार), वृत्तचिती, शंकू व गोल हे त्रिमितीय.

मराठी बोलणाऱ्या मुलाची पहिली अडचण भाषेतच असते. घरात पोळी गोल, बांगडी गोल, लाडू गोल आणि पिठाचा डबाही गोलच. गणिताच्या परिभाषेत मात्र पोळीची कड हे वर्तुळ, लाडू हा गोल आणि डबा ही वृत्तचिती. घरचा शब्द चूक ठरवून परिभाषा पाठ करून घेतल्यास मूल दोन्हीकडे गोंधळते. त्याऐवजी त्या एका शब्दाखाली जमलेल्या वस्तू त्यालाच निवडू देणे हिताचे. लाडू कसाही ठेवला तरी घरंगळतो, डबा आडवा घरंगळतो पण उभा टेकतो, पोळी मात्र ताटात पसरून राहते, एवढे हाताला कळले की तीन निराळी नावे का हवीत, हे मुलाला सांगावे लागत नाही. ‘चौकोनी’ या शब्दाचेही तसेच आहे : रुमालही चौकोनी आणि साबणाची वडीही चौकोनी.

आधी सपाट आकार शिकवावेत की घनाकार, हा या विषयातील जुना प्रश्न आहे. अंकलिपीच्या व भिंतीवरील तक्त्यांच्या प्रभावाने आपल्याकडे बहुधा सपाट आकृतींपासून सुरुवात होते. फ्रीड्रिख फ्रबेल यांनी जर्मनीत १८३७ मध्ये सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात क्रम याच्या उलट होता : प्रथम चेंडू, मग लाकडी गोल, वृत्तचिती व घन, त्यानंतर सपाट चकत्या आणि पुढे काड्या. हाच क्रम अधिक स्वाभाविक म्हणावा लागतो, कारण जाडी नसलेला चौरस कोणाच्याही हाती येत नाही. शाळेत ‘चौरस’ म्हणून दिलेली लाकडी चकतीदेखील बुटकी इष्टिकाचितीच असते. सपाट आकार हा घनाकाराचा ठसा म्हणून भेटला तर तो नीट समजतो. काड्यापेटीची एकेक बाजू रंगात बुडवून कागदावर उमटवली, की एकाच पेटीतून तीन निरनिराळे आयत मिळतात आणि प्रत्येक आयत दोनदा येतो, हे मूल स्वतः शोधते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातून पुढे आलेल्या पद्धतीतही डोळे मिटून घनाकार चाचपण्याला महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. महागड्या आयात साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले व पाने वापरण्याची त्यांची रीत आकारशिक्षणाला आजही सर्वांत उपयोगी आहे. (बोर्डी व कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.)

डच शिक्षणतज्ज्ञ पिएर व डिना व्हान हिले या दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकृती केवळ दिसण्यावरून ओळखते, पुढच्या पायरीवर तिचे गुणधर्म सांगते आणि त्यानंतर गुणधर्मांमधील संबंध जोडते. म्हणूनच नेहमी आडव्या पायावर उभा काढलेला त्रिकोण पाहिलेल्या मुलाला टोकावर उभा केलेला त्रिकोण परका वाटतो, आणि चौरस हाही आयतच असतो, हे लहान मुलाला पटत नाही. शिक्षकाने येथे घाई करू नये. आकृती फिरवून, लांबवून, कापून दाखवत राहावे.

ठाणे व नवी मुंबई परिसरात अशा साधनांची वाण नाही. उरण-कळंबोलीच्या रस्त्यांवरून जाणारा वीस फुटी कंटेनर ही मुलांच्या पाहण्यातली सर्वांत मोठी इष्टिकाचिती असावी. त्याची लांबी २० फूट, रुंदी ८ फूट आणि उंची साधारण ८.५ फूट असते, त्यामुळे मागून चौरस भासणारी त्याची दारांची बाजू प्रत्यक्षात आयत असते. दिवाळीत शंकरपाळी कापताना समान अंतराच्या तिरप्या रेघा त्याच अंतराच्या आडव्या रेघांना छेदतात आणि समभुज चौकोन तयार होतात. एका दिशेचे अंतर वाढले की त्यांचे समांतरभुज चौकोन होतात. आकाशकंदिलाचे उदाहरण तर फारच समृद्ध आहे. बांबूच्या कामट्यांच्या सहा सारख्या चौरस चौकटी कोपऱ्याला कोपरा बांधल्या, तर मध्ये आठ त्रिकोण आपोआप उघडतात. १४ पृष्ठे, १२ शिरोबिंदू आणि २४ कडा असलेला आकार उभा राहतो. पृष्ठे व शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा दोनने जास्त असते, हे गणितज्ञ ऑयलर यांनी १७५० मध्ये मांडलेले सूत्र येथे पडताळता येते (१४ + १२ = २४ + २), आणि साध्या घनातही (६ + ८ = १२ + २). बांधताना चार कामट्यांची चौकट कलते, तीन कामट्यांची कलत नाही, हेही मुलांच्या लक्षात येते.

घनाकार उलगडून सपाट करणे, म्हणजे त्याची घडण काढणे, हा दोन्ही मितींना जोडणारा दुवा होय. मिठाईचा रिकामा खोका कडांवर कापून पसरावा व पुन्हा मिटावा. घनाच्या एकूण ११ वेगळ्या घडणी होतात. त्या सांगून टाकू नयेत, सहा चौरस जोडून मुलांनीच शोधाव्यात.

चित्र काढणे सर्वांत अवघड. लहान मुले घन काढताना एकमेकांना चिकटलेले चौरस काढतात. ती चूक नसून आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व बाजू कागदावर आणण्याचा तो प्रयत्न असतो. रांगोळीत एकाआड एक सरकवून मांडलेल्या ठिपक्यांवर घन चांगला काढता येतो. मात्र त्यात सर्वांत पुढचा व सर्वांत मागचा शिरोबिंदू एकाच ठिपक्यावर येतात, म्हणून मोजताना सातच भरतात. आठवा कोठे गेला, असे मुलाने विचारले की लाकडी घन त्याच्या हातात द्यावा.