बडग्या

बडग्या : नागपूर शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतींच्या (रोगराई घालवण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या स्त्रीरूपी पुतळ्यांच्या) मिरवणुकीत फिरवून अखेरीस जाळला जाणारा पुरुषरूपी पुतळा. बांबूच्या कामट्या, कागद, जुने कापड आणि हाती लागेल ते भंगार यांचा तो बनवतात. गळ्यात चपलांची माळ आणि छातीवर पाटी. काळी आणि पिवळी या मारबती ठरलेल्या आहेत. बडगे मात्र दरवर्षी नवे आणि मोहल्ल्यागणिक निराळे. भाववाढ, भ्रष्टाचार, पाकिस्तान, दहशतवादी, करोना, पुढारी, सर्वांचे बडगे निघून झाले आहेत. ‘ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही मूळ आरोळी बडग्याच्या वाट्याला ‘घेऊन जा रे बडग्या’ अशी येते. पाट्यांवरचा मजकूर पुष्कळदा द्व्यर्थी, कधी उघड अश्लील, आणि नाव घेऊन केलेला असतो. तो येथे उद्धृत करण्याजोगा नाही.

उत्पत्ती : काळ्या मारबतीचा आरंभ १८८१ मध्ये व पिवळीचा १८८५ मध्ये झाला, असे सामान्यतः मानतात. मिरवणूक काढणाऱ्या मंडळींची परंपरागत वर्षगणना हाच या सालांचा मुख्य आधार असल्याने एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरावा. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची. काळी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळून निघते. ही साले मान्य केली तर नागपूरची मिरवणूक १८९३ च्या सार्वजनिक गणेशोत्सवाहून जुनी ठरते, आणि नागपूरकर ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाहीत. बडगे मारबतींच्या मागोमाग आले असावेत.

प्रचलित कथेनुसार काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातील बाकाबाई. त्यांनी इंग्रजांशी संधान बांधले म्हणून लोकांनी त्यांचा पुतळा जाळला, आणि त्यांना आवर न घालणारा नवरा तो बडग्या. कथेचा पूर्वार्ध काही अंशी टिकतो. बाकाबाई या दुसरे रघुजी भोसले यांची राणी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब पदच्युत झाले, १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर आले, आणि त्या काळात रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी, जेंकिन्स यांच्या मर्जीने बाकाबाईंचे दरबारात वजन राहिले. १८५७ मध्येही त्यांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. पण त्या १८५८ मध्ये वारल्या. पहिली मारबत त्यानंतर जवळजवळ दोन तपांनी निघाली. राज्य तर त्याआधीच, १८५४ मध्ये, खालसा झाले होते. राग इतका काळ धुमसत राहणे अशक्य नाही. तथापि त्याला पुतळ्याचे रूप यायला एवढा उशीर का लागला, याचे उत्तर कथा देत नाही.

उत्तरार्ध मुळीच टिकत नाही. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले, म्हणजे नागपूरने तैनाती फौजेचा करार केला त्याच्या आधीच. हयातीत ते इंग्रजांशी लढलेच होते: १८०३ मध्ये असई आणि अडगाव येथे पराभव पत्करून देवगावच्या तहाने त्यांना कटक प्रांत सोडावा लागला. त्यांना हरलेला राजा म्हणता येईल. बायकोपुढे मान तुकवणारा नवरा म्हणायला आधार नाही.

दुसरी उपपत्ती पौराणिक आहे. विषारी स्तनपान देऊन कृष्णाला मारायला आलेली पूतना मेल्यावर गोकुळकरांनी तिचा देह गावाबाहेर नेऊन जाळला, तीच मारबत, असे ही उपपत्ती सांगते. बडग्याला मात्र तिच्यात जागा नाही. तिसरी उपपत्ती कृषिविधीची. विदर्भातील खेड्यांत पोळ्याला पळसाच्या डहाळ्या, म्हणजे मेढे, दाराशी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ‘जा गे मारबत’ असे ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात. खोकला, ढेकूण, माशा असे सगळे त्या आरोळीत येते. रोग हाकलण्याचा हा विधी शहरात आला, त्याला पुतळ्याचे अंग फुटले, आणि मग त्यावर बाकाबाईंचे नाव चढले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर नवऱ्याची कथा म्हणजे बाईच्या पुतळ्याला जोडीदार हवा म्हणून कुणीतरी केलेली चेष्टा, जी पुढे इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागली.

थट्टा की शाप : बडग्याला दिलेली शिवी मनापासूनची की सोंगाची, यावर दोन मते आहेत. पहिल्या मताने हा शिमग्याच्या बोंबेसारखा दिवसापुरता परवाना आहे. खडीगंमत या विदर्भातील लोकनाट्यात स्त्रीवेष घेतलेला नाच्या आणि शाहीर एकमेकांना जे बोलतात ते घरी कुणी धरून बसत नाही, तसेच हे. विदर्भाला या जातीच्या विनोदाचा सराव आहे, हा मुद्दा खराच.

दुसरे मत म्हणते, विधी थट्टेचा नसतो. पिवळ्या मारबतीला नवस बोलतात, तान्ही मुले तिच्या पायांवर घालतात, आणि त्याच दिवशी तिला जाळतात. पूजाही खरी, जाळणेही खरे. मग पाटी तेवढी खोटी कशी? हे मत वजनदार आहे, पण त्यात दोन गोष्टी एक झाल्या आहेत. रोगराईला ‘जा’ म्हणणाऱ्याला ती खरोखर जायला हवी असते. नाव घेऊन पुढाऱ्याला शिवी देणाऱ्याला काय हवे असते ते त्या आरोळीवरून ठरत नाही. तो रडकुंडीला आलेला असेल, विरुद्ध पक्षाचा असेल, किंवा ढोल-ताशाच्या भरात नुसता ओरडत असेल.

असाच वाद दूरचित्रवाणीवरील चिथावणीखोर निवेदकांविषयी झालेला आहे, आणि तो अधिक नोंदला गेल्याने तुलनेस उपयोगी पडतो. ३० नोव्हेंबर २०११ रोजी ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप होता. त्या संध्याकाळी मोटारींविषयीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाचे निवेदक जेरेमी क्लार्कसन बीबीसीच्या ‘द वन शो’ कार्यक्रमात आधी म्हणाले की संप फार छान झाला, रस्ते मोकळे मिळाले. मग, ही बीबीसी आहे, तोल सांभाळला पाहिजे, असे म्हणत संपकऱ्यांना त्यांच्या कुटुंबीयांसमोर गोळ्या घालाव्यात, असे ते बोलले. रोख बीबीसीच्या समतोलाच्या सवयीवर होता. पण पहिले वाक्य गळून दुसरेच सगळीकडे फिरले. तक्रारी वीस हजारांवर गेल्या, क्लार्कसन आणि बीबीसी यांनी माफी मागितली, प्रसारणाची नियामक संस्था ऑफकॉमने मात्र नियमभंग मानला नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या प्रकरणात निकाल उलटा लागला: क्लार्कसन यांच्याच ‘टॉप गिअर’च्या ब्रह्मदेशातील भागात पुलाच्या उताराचे निमित्त करून आशियाई माणसाला लावलेला द्व्यर्थी शब्द ऑफकॉमने नियमभंग ठरवला. द्व्यर्थी बोलण्यातील दुसरा अर्थ ‘तुमच्याच मनात’ होता, ही पळवाट तेथे चालली नाही. बडग्याच्या पाटीवर ती सर्रास चालते.

प्रेक्षकांच्या बाजूने झालेला अभ्यास अधिक बोलका आहे. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेतील वर्णद्वेषी आर्ची बंकर हे पात्र टिंगलीसाठी रचलेले होते. विडमार व रोकीच या संशोधकांना १९७४ मध्ये असे आढळले की, पूर्वग्रह तीव्र असलेले प्रेक्षक आर्चीचीच बाजू घेतात. अमेरिकी विनोदकार स्टीव्हन कोल्बेअर दूरचित्रवाणीवर सनातनी निवेदकाचे सोंग घेत, त्यांच्याविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हसण्याचे प्रमाण दोन्ही बाजूंकडे सारखे निघाले, पण पुराणमतवादी प्रेक्षक कोल्बेअर थट्टेचे नुसते सोंग करतात आणि मनातले तेच बोलतात, असे मानण्याकडे अधिक झुकले. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय होते याचा निकाल ऐकणारे आपापल्या ओढीने लावतात. बोलणाऱ्याची कबुली त्यात फारशी मोजली जात नाही.

ही कसोटी बडग्याला लावताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. निवेदक पुढच्या आठवड्यात त्याच चेहऱ्याने, त्याच नावाने परत येतो. ‘ते पडद्यावरचे पात्र आहे’ असे त्याचे चाहते म्हणतात, तरी पात्राला आणि माणसाला नाव एकच. बडग्याच्या बाबतीत बोलणारा अनामिक राहतो आणि बोलणे संध्याकाळी जळून जाते. शिवाय एका मोहल्ल्यात ज्या पक्षाचा बडग्या निघतो त्याचे लोक पुढच्या मोहल्ल्यात दुसऱ्याचा काढू शकतात. उत्तर देण्याची सोय मिरवणुकीतच असते. ज्याला उत्तर देता येत नाही, परका, अल्पसंख्य किंवा गरीब, त्याच्या नावाचा बडग्या निघाला की पहिल्या मताचा आधार सुटतो, असे म्हणावे लागेल. परंपरेचे कैवारी हा भेद सहसा करत नाहीत.

मोबाइलवरील चित्रफितींनी यात आणखी भर घातली आहे. पुतळा जळतो, पाटीचे छायाचित्र राहते, आणि ते मिरवणुकीचा गोंगाट व आरोळीची साथ सोडून फिरू लागते. संपकऱ्यांविषयीचे ते वाक्यही असेच फिरले होते.

नागपूरबाहेर, वऱ्हाडासह विदर्भाच्या इतर भागांत, मारबत आढळते. व्यक्तिनाम लावलेला बडग्या मुख्यतः नागपूरचा. खेड्यातील मातीच्या किंवा पळसाच्या मारबतीला कुणाचे नाव नसते आणि पाटीही नसते. तेथे आरोळी असते ती ढेकणांना आणि खोकल्याला उद्देशून.