चकली आणि कडबोळी: मुलांच्या हाती काय द्यावं?

दिवाळीची सुट्टी लागली की एका दुपारी आमच्या परळच्या इमारतीतली आठ-दहा मुलं आमच्याकडे येतात. सकाळभर खाली किल्ल्याची माती कालवून झालेली असते. हात स्वच्छ धुऊन सगळी जेवणाच्या टेबलाभोवती बसतात आणि फराळातला एक पदार्थ स्वतः करतात. दोन वर्षांपूर्वी चकली केली होती, तेव्हापासून कडबोळी करतो.

परवा शेजारची मैत्रीण म्हणाली, "दोन्ही भाजणीचंच ना गं? एकाला वेढे, दुसऱ्याला नाहीत, एवढंच." असं पुष्कळांना वाटतं. पण फरक गिरणीतच सुरू होतो.

चकलीच्या भाजणीत तांदूळ जास्त. आमच्याकडे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, वर धणे-जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा आणि गिरणीवाल्या काकांना आठवणीने सांगायचं, "गव्हावर दळू नका." गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते. कडबोळ्यांना गव्हाचं वावडं नाही. त्यांच्या भाजणीत ज्वारी चालते, गहू चालतात. उडीद मात्र हवाच, त्याच्या चिकटपणामुळे पीठ वळताना तुटत नाही. कितीतरी घरांत थालीपिठाच्या भाजणीचीच कडबोळी होतात. डब्यात ती भाजणी असेल तर वेगळा घाट घालायची गरज नाही.

दुसरा फरक सोऱ्याचा. चकली चांदणीच्या ताटलीतून पडते, म्हणून तिला काटे येतात. ते काटे तेलात लवकर कुरकुरीत होतात, चकलीची सगळी मजा त्यांच्यात आहे. कडबोळं हातानेच वळायचं. पाटावर पेन्सिलीएवढी जाड वळी करायची, ती वाकवायची आणि दोन टोकं एकमेकांवर दाबायची. कर्नाटकात याच कुळातला कोडुबळे असतो. कानडीत बळे म्हणजे बांगडी, आकार त्या नावातच आला.

मुलांसाठी हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा. सोऱ्या दाबायला मोठ्या माणसाचा जोर लागतो. त्या वर्षी सात वर्षांची एक मुलगी खुर्चीवर उभी राहून दोन्ही हातांनी दाबत होती. दीड वेढा झाला आणि चकली तुटली. पुन्हा दाबली, पुन्हा तुटली. तिचे डोळे भरून आले, मलाही फार वाईट वाटलं. पीठ सैल केलं असतं तर तिला जमलं असतं, पण सैल पिठाची चकली तेल पिते आणि मऊ पडते. शिवाय सोऱ्या एकच, बाकीची नऊ मुलं नुसती बघत बसली होती.

कडबोळ्यांना प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं. वळीला चीर गेली तर बोट पाण्यात बुडवून तीच वळी पुन्हा वळायची, काही बिघडत नाही. चार वर्षांचा मुलगा दोन्ही तळव्यांत गोळा धरून घासतो तेव्हा वळी मधे बारीक आणि टोकांना जाड होते. मग तो जीभ बाहेर काढून टोकं जुळवतो आणि अंगठ्याने दाबतो. तळून आल्यावरही तो अंगठ्याचा ठसा दिसतो आणि ताटातलं आपलं कडबोळं त्याला लांबूनच ओळखू येतं.

दहा मुलांना तीन वाट्या भाजणी पुरते. भाजणीपेक्षा किंचित कमी पाणी घ्यायचं. त्यात तीन चमचे तेल, मीठ, हळद, तीळ, ओवा घालून उकळी आणायची, भाजणी घालून ढवळायचं आणि झाकण ठेवायचं. एरवी मी लालबागच्या मिरची गल्लीतलं झणझणीत तिखट घालते, मुलांच्या पिठात रंगापुरतं बेडगीचं. उकड पूर्ण निवल्यावर मी मळून ठेवते आणि मगच टेबलावर आणते. तीळ कुणाला चालत नाहीत का, हे आयांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

तळण मात्र मोठ्यांनीच करायचं, आणि तेवढा वेळ मुलं स्वयंपाकघराबाहेर. आमच्याकडे तेव्हा कंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवायचं काम निघतं. चकली आणि कडबोळं तळायची रीतही एक नाही. चकलीला तेल चांगलं तापवून मग आच मध्यम करायची. कडबोळं जाड, त्याला पहिल्यापासून मंद आच आणि जास्त वेळ. घाईने तळलं तर वरून लाल, आत कच्चं, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. तेलातले बुडबुडे बघायचे. ते म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बुडबुडे शांत झाले की काढायचं. मुलांची कडबोळी सारख्या जाडीची नसतात, म्हणून बारीक आणि जाड असे दोन घाणे करते.

चकलीत मोहन जास्त झालं तर ती तेलात विरते, कमी झालं तर दाताला कडक लागते. कडबोळं या बाबतीत बरंच समजूतदार.

चकल्या मी आदल्या रात्री एकटी करते, त्याशिवाय फराळाचं ताट मला पुरं वाटत नाही. सोबत शेंगदाणे न घातलेला पातळ पोह्यांचा चिवडा, रव्याचे छोटे लाडू, कोकम सरबत. अगदी लहानांना कडबोळ्याचे बारीक तुकडे करून दह्यात घालून देते आणि शेजारी बसून भरवते.

घरी न्यायला प्रत्येकाची दोन-दोन कडबोळी कागदी पिशवीत भरते, पण पूर्ण गार झाल्यावरच. आपल्या मुंबईच्या हवेत आधीच दमटपणा, त्यात गरम असताना भरली तर वाफ धरते आणि आजीला दाखवेपर्यंत मऊ पडतात.