थेंब घरंगळले म्हणजे जॅकेट वॉटरप्रूफ?

‘सॉफ्टशेल जॅकेट (मऊ, ताणल्या जाणाऱ्या कापडाचं) असेल तर रेनकोट लागत नाही,’ हा सल्ला ट्रेकिंगच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. थेंब घरंगळताना दिसतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण ती किमया कापडावरच्या पातळ लेपाची. धुण्याने आणि सॅकच्या पट्ट्यांनी तो झिजतो. चढताना घामाची वाफ बाहेर पडावी म्हणून हलक्या सॉफ्टशेलचं कापड मुद्दामच हवा खेळती ठेवणारं असतं.

घरी तपासा. जॅकेट उलटं करून शिवणींवर पाणी अडवणारी टेप आहे का बघा, बहुतेकदा नसते. मग बाहेरची बाजू वर ठेवून कापडाचा खोलगा करा, पाणी ओता, अंगठ्याने दाबा. खालून ओल आली, तर सह्याद्रीच्या पावसात रेनकोट सोबत हवाच. हिवाळ्यातल्या कोरड्या, वाऱ्याच्या चढाईला मात्र मी सॉफ्टशेलच सुचवेन.