नाणेफेकीतून निघालेले महान नेते

रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर यशस्वी उद्योजकांच्या गुणांची पुस्तकं हमखास मांडलेली असतात. तीच यादी पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: दूरदृष्टी, धाडस, विनम्रता, पहाटे चारला उठणं. पहाटे चारला आमचा दूधवालाही उठतो, त्याच्यावर अजून कोणी पुस्तक लिहिलेलं नाही.

यादीतला एकही गुण वाईट नाही. माझा आक्षेप आहे तो यादी बनवण्याच्या रीतीवर. आधी जिंकलेली माणसं निवडायची आणि मग त्यांच्यात काय दिसतं ते टिपायचं. तेवढंच धाडस करून दिवाळं निघालेल्यांकडे कोणी फिरकतच नाही.

शिवाय जे दिसतं तेही निकालाच्या रंगात बुडालेलं असतं. १९७५ साली बॅरी स्टॉ या अमेरिकी संशोधकाने व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले. एका कंपनीचा जमाखर्च त्यांच्या हाती दिला आणि पुढची विक्री व नफा किती होईल याचा अंदाज करायला सांगितलं. नंतर काही गटांना ‘तुमचं काम उत्तम झालं’ असं कळवलं, काहींना ‘जमलं नाही’ असं. हे शेरे निव्वळ चिठ्ठ्या काढून ठरवलेले होते, प्रत्यक्ष कामगिरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मग प्रत्येकाला विचारलं, की तुमच्या गटात एकोपा कसा होता, चर्चा मोकळी होती का? ‘उत्तम’ ऐकलेल्यांना एकोपा आठवला, ‘जमलं नाही’ ऐकलेल्यांना विसंवाद. कंपनी तेजीत असताना कर्मचाऱ्यांकडून साहेबांविषयी जे मत घेतलं जातं, त्याची किंमत यावरून करावी. ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची लेखी कबुली दिली.

आता माझा लाडका भाग. गणित नाणेफेकीपुरतंच आहे. समजा, हजार कंपनीप्रमुख आहेत आणि कोणातच विशेष गुण नाही. दरवर्षी प्रत्येक जण नाणं उडवतो: छापा पडला तर नफा, काटा पडला तर तोटा. पहिल्या वर्षाअखेर ५०० जण यशस्वी. दुसऱ्या वर्षी त्यातले २५०, मग १२५, मग ६२, आणि पाचव्या वर्षी साधारण ३१ जण असे उरतात, की ज्यांनी तोटा पाहिलेलाच नाही. मासिकांच्या मुखपृष्ठावर हे ३१ येणार, मुलाखती यांच्याच होणार. सहाव्या वर्षी त्यातले निम्मे आपटणार आणि आपण म्हणणार, ‘यश डोक्यात गेलं!’

खरे प्रमुख अर्थात नुसतं नाणं उडवत नाहीत. यशात कौशल्य असतं आणि नशीबही. कौशल्य पुढच्या वर्षी सोबत येतं, नशीब येत नाही. म्हणून टोकाच्या कामगिरीनंतरची कामगिरी सरासरीकडे सरकते. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली हे माणसांच्या उंचीत दाखवलं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहता त्यांच्याइतकी नाही. नाणेफेकीच्या थोडं पलीकडे जायचं तर, लागोपाठच्या दोन वर्षांतल्या कामगिरीचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) ०.४ असेल आणि यंदा एखादी कंपनी सरासरीच्या २० टक्के वर असेल, तर पुढच्या वर्षी ती ८ टक्केच वर असेल अशी अपेक्षा धरावी. याच्याच जवळचा दुसरा हिशोब: प्रमुखाची गुणवत्ता आणि कंपनीचं यश यांतला सहसंबंध ०.३ धरला, तर दोन कंपन्यांपैकी जिचा प्रमुख अधिक चांगला तीच पुढे असण्याची शक्यता किती? ०.३ चा व्यस्त साइन (रेडियनमध्ये) काढा, π ने भागा, त्यात अर्धा मिळवा. उत्तर येतं ०.६. शंभरातल्या चाळीस जोड्यांत कमी गुणवत्तेच्या प्रमुखाची कंपनी पुढे!

याची दुसरी बाजूही आहे. कंपनी अगदी गाळात गेली, की संचालक मंडळ नवा प्रमुख आणतं. एवढ्या वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुधा बरंच जातं, श्रेय मात्र नव्या साहेबांना. ताप सगळ्यात चढलेला असताना लावलेला अंगाराही असाच ‘लागू पडतो’. सही बदलून आणि नावात एक जादा अक्षर घालून धंदा वाढवून देणाऱ्यांचं दुकान याच गणितावर चालतं, कारण त्यांच्याकडे माणूस जातो तोच वाईट दिवसांत.

म्हणजे नेतृत्वाला काहीच अर्थ नाही का? तसं नाही. मलमेंडियर आणि टेट या अर्थशास्त्रज्ञांनी पुरस्कारप्राप्त प्रमुखांची तुलना तितक्याच यशस्वी, पण पुरस्कार न मिळालेल्या प्रमुखांशी केली. सरासरीकडे घसरण दोघांचीही व्हायची, पुरस्कारवाले मात्र त्याहून जास्त घसरले. ते पुस्तकं लिहीत होते, दुसऱ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसत होते. तेव्हा ‘यश डोक्यात गेलं’ हे अगदीच खोटं नाही, फक्त ते सिद्ध करायला तुलनेचा गट लागतो.

असा गट घेऊन केलेला माझा आवडता प्रयोग आपल्याच तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांतला आहे. २००८ च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी काही गिरण्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि त्यांना काही महिने फुकट सल्लागार दिले. सल्ला दूरदृष्टीचा नव्हता. कापडातले दोष रोज नोंदवा, माग बंद पडायची वाट न पाहता देखभाल करा, सुताच्या साठ्याचा हिशेब ठेवा, सगळा असलाच. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. या धंद्यात कंपनी किती मोठी होणार हे मालकाच्या गुणांपेक्षा घरात पुरुष किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर गिरणी सोपवायचा विश्वास मालकांना नव्हता.

आठ-नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. सुरू केलेल्यांपैकी निम्म्या पद्धती सुटल्या होत्या, तरीही सल्ला मिळालेल्या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. पद्धती सुटण्याचं एक मोठं कारण अगदी साधं निघालं: व्यवस्थापक नोकरी सोडून गेला होता.