प्रोजेक्टरचा अ‍ॅस्पेक्ट रेशो

प्रोजेक्टरचा अ‍ॅस्पेक्ट रेशो : चित्राच्या रुंदीचं उंचीशी असलेलं प्रमाण, आणि डिजिटल प्रोजेक्टरच्या मेनूमधली ते सांभाळणारी सेटिंग. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या गच्चीवरची मॅच, क्लासेस, गणपतीतला मंडप, सगळीकडे प्रोजेक्टर नेहमीचाच झालाय, त्यामुळे तो जोडायचा कसा हे इथे परत सांगत नाही. घोळ वेगळाच आहे. सिग्नलचं प्रमाण, मशीनच्या आतल्या पॅनेलचं (ज्या चिपवर चित्र तयार होतं तिचं) प्रमाण आणि पडद्याचं प्रमाण अशी तीन प्रमाणं एकाच वेळी हजर असतात आणि मेनूतली सेटिंग फक्त पहिलं दुसऱ्यात कसं बसवायचं तेवढंच ठरवते, पडदा केवढा आहे ते तिला कळत नाही.

सगळ्यात जुनं ४:३. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९० च्या आसपास ३५ मिमी फिल्मवर कडेच्या चार छिद्रांएवढ्या उंचीची एक फ्रेम धरली तिथून ते आलं असं साधारण मानतात, पुढे टीव्हीनेही तेच उचललं. टीव्ही घराघरात शिरल्यावर हॉलिवूडने पडदा रुंद केला. १९५३ मध्ये सिनेमास्कोप हा रुंद पडद्याचा प्रकार आला, सुरुवातीला २.५५ (म्हणजे रुंदी उंचीच्या २.५५ पट), मग २.३५, आणि १९७० नंतर २.३९ (लोक अजून २.३५ च म्हणतात). आपल्याकडे ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट समजला जातो.

१६:९ कुठून आलं यावर मात्र एकमत नाही. नेहमी सांगतात ती गोष्ट अशी, की १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्ही इंजिनियरांच्या संस्थेत कर्न्स पॉवर्स यांनी तेव्हा चालू असलेल्या सगळ्या प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकमेकांवर मधोमध ठेवले, तर सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयत दोन्ही १.७७ च्या, म्हणजे १६:९ च्या, जवळ निघाले. ऐकायला चमत्कार वाटतो, पण गणित केलं तर क्षेत्रफळ सारखं ठेवल्यावर ते दोन्ही तसेच निघणार, कारण दोन्हीचं उत्तर १.३३ (म्हणजे ४:३) आणि २.३५ चं भूमितीय मध्यच (गुणाकाराचं वर्गमूळ) आहे. दुसरं मत असं की ४:३ चा वर्ग केला की १६:९ येतो (आणि घन केला की ६४:२७, म्हणजे जवळपास सिनेमास्कोप) म्हणून तो निवडला. हा योगायोग नंतर कुणाच्या तरी लक्षात आला असावा असं वाटतं. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेची हाय-डेफिनिशन यंत्रणा आधी ५:३ वर होती, ५:३ म्हणजेच १५:९, त्यामुळे १६:९ वर सरकणं त्यांना फार जड नव्हतं, आणि १६:९ ही तडजोड होती हे जास्त पटण्यासारखं आहे. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ७०९ क्रमांकाच्या शिफारशीत हाय-डेफिनिशनसाठी १६:९ आलं.

आता पॅनेल. जुने क्लासवाले एक्सजीए प्रोजेक्टर १०२४×७६८ पिक्सल (चित्राचे ठिपके), म्हणजे ४:३. ऑफिसचे डब्ल्यूएक्सजीए १२८०×८००, म्हणजे १६:१०, घरचे फुल एचडी १९२०×१०८०. १६:९ चं चित्र एक्सजीएवर १०२४×५७६ एवढंच बसतं, पाव पॅनेल फुकट जातं आणि तेवढा उजेडही. उलट ४:३ चं चित्र फुल एचडीवर १४४०×१०८०, तिथेही पावच. १२८०×८०० वर मॅच लावली तर फक्त ८० ओळी रिकाम्या राहतात, पण तेवढ्या काळ्या पट्ट्यांपायी लोक ‘फुल’ दाबतात आणि बॅट्समन उभा ताणला जातो. पट्ट्या दिसल्या म्हणजे सेटिंग चुकली असं नसतं.

मोडची नावं कंपनीनुसार बदलतात. ‘ऑटो’ किंवा ‘नॉर्मल’ सिग्नलचं प्रमाण राखतो आणि एचडीएमआय असेल तर बहुतेक वेळा तिथेच थांबावं. ‘फुल’ ताणतो. ‘झूम’ कडा कापतो, पण एका ठिकाणी तोच बरोबर असतो : सेट-टॉप बॉक्स ४:३ वर राहिलेला असला की रुंद चित्र आधी ४:३ मध्ये बसतं, मग ते १६:९ मध्ये, आणि चारही बाजूंनी काळं दिसतं. अर्थात आधी बॉक्सच १६:९ वर न्यावा. ‘नेटिव्ह’ मध्ये एका पिक्सलला एक पिक्सल, चित्र लहान दिसलं तरी अक्षरं धारदार येतात, पण डिजिटल कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र मशीनमध्येच चौकोनी करणारी सोय) लावला की हा हिशेब मोडतो, म्हणून टेबल सरळ करणं बरं.

डीव्हीडीचं प्रकरण थोडं किचकट आहे. आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) डीव्हीडीत ४:३ असो की १६:९, पिक्सल ७२०×५७६ च असतात आणि चित्र कसं पसरायचं ती खूण वेगळी नोंदलेली असते, जी पिवळ्या पिनच्या वायरीतून बरेचदा पुढे पोचत नाही. मग १६:९ ची डिस्क असली तर माणसं उंच-बारीक दिसतात आणि तिथे हाताने १६:९ निवडणंच योग्य. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी मात्र बहुतेक ४:३ च्या, त्यांना हे करू नये, वऱ्हाड जाडं दिसतं. शंका असेल तर लॅपटॉपवरून स्लाइडमध्ये एक वर्तुळ काढून बघावं, लंबगोल दिसलं तर त्या इनपुटचं सेटिंग चुकलंय.

पडद्याबद्दल थोडंच. डेकोरेटरकडे अजून आठ बाय सहा फुटांचा पडदा मिळतो, म्हणजे ४:३. त्यावर १६:९ चं चित्र पूर्ण रुंदीत लावलं तर उंची साडेचार फूट, दीड फूट कापड रिकामं राहणार, आणि ते सेटिंग बदलून भरू नये. मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचे डिजिटल सिनेमा प्रोजेक्टर वेगळ्या नियमांवर चालतात.

मोबाइलवर उभा धरून काढलेला मिरवणुकीचा व्हिडिओ फुल एचडीवर साधारण ६०८×१०८० एवढाच बसतो, म्हणजे पॅनेलच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. त्याला ऑटोशिवाय दुसरा मोड लावू नये.